रुमालाखालचे चार भाग

ऐरोली
७ जून २०२५

चि. क्षिप्रास आत्याचे आशीर्वाद, आणि त्यासोबत एक चौकशी. हात निघाला का गं बाहेर?

मंगळवारी तुझ्या ‘गाळा नंबर नऊ’ मालिकेत केतकीने कांद्याचा भाव ठरवायला रुमालाखाली हात घातला. समोरून त्या यशराजने घातला. आज शनिवार उजाडला, चार भाग होऊन गेले, हात आतच आहेत. पहिल्या दिवशी वारा सुटला. तिन्ही बाजूंनी भिंती असलेल्या गाळ्यात वारा कुठून आला हे मला कळलं नाही, पण तिचे केस उडाले हे खरं. दुसऱ्या दिवशी सगळा बाजार थांबून यांच्याकडे बघत राहिला. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेतलेला हमालसुद्धा! तिसऱ्या दिवशी दोघांना आपापलं लहानपण आठवलं. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्यामुळे नव्हतं असं तूच यशराजच्या तोंडून सांगितलंस. भाव मात्र काही ठरला नाही. एवढ्या वेळात त्या मालाला कोंब फुटून वर पात आली असती.

अगं, दिवाळीत आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसली होतीस ना? तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं? आडत्याने आणि खरेदीदाराने रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, बोटांवरून भाव समजायचा, म्हणजे शेजारच्याला आणि खुद्द माल आणणाऱ्या शेतकऱ्यालाही पत्ता लागायचा नाही. या सगळ्याला शिंक द्यायला लागतो तेवढाच वेळ. तू ते लिहूनही घेतलंस. ‘शिंक’ या शब्दाखाली रेघ मारलीस.

पहिले साठ भाग किती छान होते! माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि पंचविशीतली मुलगी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळ्यावर येऊन बसली, हे तू अगदी जसंच्या तसं दाखवलंस. आमच्या सोसायटीतल्या बायका मला लिफ्टमध्ये थांबवून विचारायच्या, “केतकी म्हणजे तुम्हीच ना?” मी लाजून हो म्हणायचे. आता त्याच बायका विचारतात, “आणि यशराज कोण हो?”

फोन केला असता, पण कानातलं यंत्र आणि फोन यांचं जमत नाही. भुंगा शिरल्यासारखं होतं. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, म्हणजे मला चारदा वाचता येईल आणि चुका काढता येतील.

तुझी,
चारू आत्या


मालाड
१७ जून

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार, आणि हात बाहेर निघाला. शनिवारच्याच भागात. तू पत्र पोस्टात टाकायची घाई केलीस.

पाठकोऱ्या कागदावर लिहितेय म्हणून रागावू नकोस. घरात दुसरा कागदच नाही. मागची बाजू वाचू नकोस. (वाचणारच आहेस. तो सीन मी लिहिलेला नाही, संवाद दुसऱ्या मुलाचे आहेत.)

आता तुला खरं सांगते. पहिले साठ भाग तुला आवडले, मला आवडले आणि बाबांना आवडले. आपण तिघंच होतो. चॅनलचा आमचा माणूस, स्वानंद, दर गुरुवारी आकडे घेऊन यायचा आणि डॉक्टरने रिपोर्ट बघावा तसं तोंड करून बसायचा. रुमालाच्या चार भागांना आजवरचे सगळ्यात जास्त प्रेक्षक मिळाले. स्वानंदने ऑफिसात पेढे वाटले गं! म्हणाला, “क्षिप्रा, बाजार मागे दिसू दे, पुढे हात दिसू दे.” आता पुढचे दोन महिने हातच आहेत. मग यशराजची जुनी मैत्रीण ऋता अमेरिकेहून येते. तिलाही कांद्यात रस आहे.

मी भांडले नाही असं समजू नकोस. पण सदतीस माणसांचं युनिट आहे. मालिका पडली की सगळे घरी. आणि पटकथेला माझं नाव पहिल्यांदा एकटीचं पडद्यावर येतंय, ते टिकावं असं मला वाटतं. यात काही चूक आहे का?

आणि एक विचारू? तू एवढी चिडलीस म्हणजे कुठेतरी काहीतरी लागलं असणार. चौतीस वर्षं बाजारात होतीस, लग्न केलं नाहीस, आणि दिवाळीत तू ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललीस तो तुमचा दिवाणजी, श्यामसुंदर. आत्या, खरं सांग. कुणीच नव्हतं? मी मालिकेत घालणार नाही. (बहुतेक.)

तुझीच,
क्षिप्रा


ऐरोली
२४ जून

चि. क्षिप्रा,

मागची बाजू वाचली. “तुझ्या हातांना कांद्याचा नाही, मोगऱ्याचा वास येतो.” त्या मुलाला म्हणावं, एकदा बाजारात ये आणि दिवसभर माल हाताळून दाखव. त्याच्या हाताला आठवडाभर कुणी जेवायला वाढणार नाही.

श्यामसुंदर! बाई गं, वाचताना चहा नाकात गेला. त्याला बायको आणि चार मुली होत्या, सकाळी दहा वाजता तो भाकरीबरोबर कच्चा कांदा खायचा आणि मग माझ्या कानाशी येऊन हिशोब सांगायचा. त्याच्याबद्दल मी कमी बोलले कारण त्याच्याबद्दल जास्त काही नव्हतंच.

पण तू विचारलंस ते बरं केलंस. दिवाळीत एक गोष्ट मी तुला सांगितली नाही, ती आता सांगते. थट्टा बाजूला ठेवून वाच.

मी गाळ्यावर बसले तेव्हा पहिले दोन महिने कुणी माझ्याबरोबर रुमालाखाली हात घालेना. बाईमाणसाचा हात धरायचा, तोही झाकून! लोक काय म्हणतील? मग जोतीराम नावाच्या एका खरेदीदाराने घातला. चांगला सरळ माणूस. त्याने बोटं दाबली, मी मान हलवली, सौदा झाला. तेवढंच. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी गेली आणि संध्याकाळी आमच्या घरी पोचली, की चारूचं ठरलं. वडील अंथरुणातून नीट बोलू शकत नव्हते, पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते दोन दिवस वळवलं नाही. जोतीरामच्या बायकोने त्याला काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण तो पुन्हा माझ्या गाळ्याची पायरी चढला नाही. चांगलं गिऱ्हाईक होतं माझं. त्यानंतर माझ्या वतीने श्यामसुंदर हात घालायचा आणि मी बाजूला पुतळ्यासारखी बसायचे.

मग श्यामसुंदरला कावीळ झाली. त्याच दिवशी जुन्नरहून दोन ट्रक आले. माल ओलसर, संध्याकाळपर्यंत विकला नाही तर फेकायचा. शेतकरी समोर उभा, आणि हात घालायला कुणी तयार नाही. तेव्हा मी गोणीवर चढले आणि मोठ्याने भाव पुकारला, तेव्हाच्या रीतीप्रमाणे दहा किलोचा. अकरा रुपये! सगळा बाजार हसला. पण माल तासाभरात गेला, आणि शेतकऱ्याने पहिल्यांदा आपल्या कानांनी आपल्या कांद्याचा भाव ऐकला. पुढच्या आठवड्यात त्याने गावातले आणखी तीन ट्रक माझ्याकडे पाठवले. ‘त्या बाईकडे भाव ऐकू येतो,’ असं म्हणायचे लोक. माझा गाळा त्यावर चालला.

आता सांगते मला काय लागलं ते. त्रेचाळीस वर्षांपूर्वी सगळा बाजार म्हणत होता की बाईने रुमालाखाली हात घातला म्हणजे ते प्रेमच. मी जन्मभर कामाने सांगितलं की नाही बाबांनो, तो सौदा आहे. आणि माझ्या सख्ख्या भाचीने चार भाग लावून, वारा सोडून, संगीत वाजवून दाखवलं की बाजाराचंच बरोबर होतं. मला फार वाईट वाटलं गं.

आणि ‘कुणीच नव्हतं का’ म्हणून विचारलंस. मला ते काम आवडायचं. पहाटे ट्रक लागायच्या आधीच मी गाळ्यावर जाऊन बसायचे. तुम्ही लोक त्याच्यावर मालिका काढू शकत नाही का?

चुका काढू नकोस असं तू म्हणाली नव्हतीस म्हणून सांगते, दिवाळीतल्या वहीत ‘दृष्टिकोन’ तू दोनदा चुकीचा लिहिला होतास.

आत्या


मालाड
२१ जुलै

आत्या,

महिना लागला उत्तर द्यायला. तीन पत्रं लिहून फाडली. एकात मी खूप शहाणपणा केला होता, एकात खूप रडले होते, आणि तिसरं मागच्या बाजूच्या सीनमुळे पाठवण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र मी स्वानंदला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मस्त आहे. तो जोतीराम तरुण करता येईल का?” मी उठून बाहेर गेले.

पण देवाला काळजी. हातांची जादू तीन आठवडे टिकली. लोकांनी हात बघितले आणि चॅनल बदललं. मग ऋता आली, तेव्हा थोडे परत आले. मग यशराजची स्मृती गेली, तेव्हा उरलेलेही गेले. त्याला केतकी आठवत नाही, बाजार आठवत नाही, पण ऋताचा वाढदिवस आठवतो. लिहिताना मलाच माझी लाज वाटत होती. शेवटी आम्हाला संध्याकाळी साडेसातवरून दुपारी दीडला ढकललं, आणि आता सोळा ऑगस्टला शेवटचा भाग आहे. शेवट काय असावा हे चॅनलचं ठरलेलं आहे. लग्न. दोन आठवडे नुसतं लग्न.

मी स्वानंदला सांगितलं, लग्न लिहीन, पण त्याआधी एक अख्खा भाग माझ्या आत्याचा. कावीळ, दोन ट्रक, गोणी, अकरा रुपये. वारा नाही, संगीत नाही, यशराज त्या दिवशी गावाला. हे नको असेल तर लग्न दुसऱ्याकडून लिहून घ्या आणि माझं नाव काढा. मला वाटलं तो नाव काढेल. सकाळी त्याचा मेसेज, ‘ठीक आहे, बंदच होतेय.’

तर दोन ऑगस्टला, शनिवारी दुपारी दीड वाजता बघ. पहिल्यांदाच मनासारखं लिहिलंय, कारण कुणाचं लक्ष नव्हतं. केतकीचं काम करणारी मुलगी गोणीवर चढली तेव्हा सेटवरचे लाइटवालेसुद्धा चहाचे कप खाली ठेवून उभे राहिले. आत्या, तुला मी जे बोलून गेले त्याची ही माफी समज.

‘दृष्टिकोन’ बरोबर आहे का आता?

क्षिप्रा


ऐरोली
४ ऑगस्ट

लाडक्या क्षिप्रा,

भाग बघितला. एकटीने नाही बघितला. जरा मिरवावं असं मनात आलं, म्हणून रिक्षा करून तुर्भे गावात रंगूबाईकडे गेले.

रंगूबाई तुला मी दिवाळीत फक्त एका ओळीत सांगितली होती. माझ्या गाळ्यावर कांदे निवडायला बसायची. सडके, दुभंगलेले, कोंब आलेले बाजूला काढायचे, सकाळपासून जमिनीवर बसून. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. तुझी मालिका रोज बघते. गेल्या गेल्या मला म्हणाली, “त्या येसराजचा डोका बरा झाला का नाय? मना रातीला झोप नाय लागत.” म्हणजे स्वानंदचं अगदीच चुकलं नव्हतं हे मला मान्य करावं लागतंय.

तिची सून सुचिता, नातू प्रीतम (इथे ऐरोलीलाच एका कंपनीत आहे, शनिवारची सुट्टी होती), सगळे टीव्हीपुढे बसलो. आणि क्षिप्रा, तू काय लिहिलंयस गं! गोण्या तशाच, तो शेतकरी टोपी हातात घेऊन उभा तसाच. केतकी गोणीवर चढली, तिने सगळीकडे बघितलं, आणि एका दमात ओरडली. माझ्या अंगावर काटा आला. सुचिताने टाळ्या वाजवल्या. प्रीतमने विचारलं, “आजी, तू होतीस ना तिथे? चारूआजी अशीच ओरडली होती?”

रंगूबाई म्हणाली, “आशीच. मी खाली कांदं निवडीत होती. मान वर करून बगितली, तं ही उबी.”

हे ती माझ्यासाठी खोटं बोलली.

आता तुला सांगायलाच हवं. मी गोणीवर चढले, ते खरं. तोंड उघडलं, तेही खरं. पण आवाज आला नाही. सगळा बाजार माझ्याकडे बघत होता आणि माझ्या घशातून साधी फुंकरसुद्धा निघाली नाही. तेव्हा खालून, कांद्याच्या ढिगातून रंगूबाई उठली आणि ओरडली. पहिला ‘अकरा रुपये’ तिचा होता. लोक हसले ते तिला. एकाने ‘साडेदहा’ म्हटलं, तेव्हा कुठे मला कंठ फुटला आणि मी ‘अकराच!’ म्हणाले. त्यानंतरचे सगळे भाव मी पुकारले, चौतीस वर्षं. पहिला नाही.

त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलं तेव्हा घाईत ‘मी पुकारला’ असंच तोंडातून गेलं. जोतीरामच्या त्या बातमीनंतर ते पहिल्यांदा हसले. मग ते परत घ्यायचं माझ्याने झालं नाही. नंतर इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या यशराजला एवढं तरी बरं, त्याची स्मृती निदान अपघातात गेली. आणि मी दोन महिने तुला पत्रांमधून खरं-खोटं शिकवत होते!

मी प्रीतमला म्हटलं, “नाही रे. तुझी आजी ओरडली होती. मी नुसती उभी होते.”

टीव्हीवर जाहिरात लागली होती. मग कशाला सांगितलंस म्हणून रंगूबाई माझ्यावरच खेकसली, “कनाला बोल्लीस? बरा चाललेला ना!”

सुचिता म्हणाली, “आई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत आम्हाला.”

“कोनी इचारलाच नाय,” रंगूबाई म्हणाली. “आनि त्यान काय सांगाचा? हिचा कांदा सडला आसता तं मना दुसऱ्या दिशी कामाला कोनी बोलावला आसता?”

मी तिची माफी मागितली. नीट, शब्दांत, पोरांच्या समोर. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “येडी हायेस. तुजा गाला चालला, माज्या घरान चूल पेटली. मंग कोन वरडला त्याचा काय?” पण मी बघत होते ना. तिचा चेहरा असा झाला होता जसा मी त्रेचाळीस वर्षांत कधी बघितला नव्हता. आणि मला कळलं की तिला त्याचं काहीतरी होतं. खूप होतं.

प्रीतमने टीव्ही बंद केला. “आजी, एकदा ओरड ना. जशी तेव्हा ओरडलीस तशी.”

“जा रं! म्हातारीची थट्टा करतस.”

“थट्टा नाही गं.”

तिने पाणी मागितलं. प्यायली. खोकली. गुडघ्यावर हात दाबून उभी राहिली, सुचिताने हात धरला तो झटकून टाकला. आणि ओरडली, “अकरा रुपयं! जुन्नरचा कांदा, अकरा रुपयं! घ्याचा तं घ्या, नाय तं वाटेला लागा!”

क्षिप्रा, तो आवाज! भांडी वाजली. समोरच्या घराचं दार उघडलं आणि यशोदाबाई पिशवी घेऊनच बाहेर आल्या. “कांद्याचा टेम्पो आला काय गो? अकरा बोल्ला ना? मना पाच किलो दे.” मागून आणखी दोघी आल्या. अकरा रुपयांत हल्ली काय येतं, धावणारच.

मी दारात गेले आणि त्यांना सांगितलं, “टेम्पो नाही आला हो. ही आमच्या रंगूबाईची हाक आहे. मी इतकी वर्षं माझ्या नावावर खपवली.” त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मग प्रीतमने पहिल्यापासून सगळं सांगितलं, अंगणात उभं राहून, आणि मी दोन ठिकाणी त्याच्या चुका काढल्या.

तू मालिकेत आता काही बदलायला जाऊ नकोस. तुझं भांडण तू भांडलीस, आणि मला तुझा फार अभिमान वाटला हे मी मिरवायच्या नादात लिहायचंच विसरत होते. दोन आठवडे लग्न लाव खुशाल. वारा सोड. रंगूबाईला यशराज बरा झालेला बघायचा आहे, तेवढं कर. आणि मालिका संपली की वही घेऊन ये, पण माझ्याकडे नाही, तिच्याकडे. ती कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

मी निघाले तेव्हा रिक्षा गल्लीच्या टोकाला उभी होती. अर्ध्या वाटेत पोचले असेन. मागून पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा मोठा. अकरा रुपयं! या वेळी तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

तुझी,
चारू आत्या